टिकली माशांची सोयरीक

धनसिंग राठोड यांनी आजवर एकशे त्रेचाळीस लग्नं जमवली. हा आकडा त्यांचा आहे, माझा नाही. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भुरीकाकूंच्या मते खरा आकडा नव्वदच्या आसपास आहे आणि बाकीच्या लग्नांना काका नुसते जेवायला गेले होते. तरीही पुसदच्या आसपासच्या तांड्यांत कोणाच्या पोराचं किंवा पोरीचं जमत नसलं की लोक मोटरसायकल काढतात आणि मोहाळी तांड्यावर येतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

काका तसे शेतकरी. कापूस, तूर, एका तुकड्यात सोयाबीन. सोयरीक जमवणं हा त्यांचा छंद. मुलगा पाहायला गेले की शिक्षण, नोकरी, जमीन यांतलं काही ते विचारत नाहीत. मुलाला पोह्यांची प्लेट द्यायला लावतात आणि तो खातो कसा ते बघत बसतात.

"जो पोट्टा शेंगदाणे आधी येचून खाते, त्याले धीर नाही," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "जो शेवटपर्यंत राखून ठेवते, तो संशयी."

"आणि जो खातच नाही?"

"त्याचे दात पाहा, बाई."

मी मूळची वणीची, प्रेरणा ढवस. आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे कोळशाच्या धुळीनं संध्याकाळपर्यंत राखाडी होतात. अशा गावातल्या मुलीनं माशांवर संशोधन करावं हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. अमरावतीला पीएच.डी.ला नाव घातलं आणि चार वर्षांपूर्वी, जूनच्या शेवटी, मी मोहाळी तांड्याच्या तलावापाशी येऊन पोचले.

हा तलाव जुना आहे. काकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या बैलांना पाणी मिळावं म्हणून आपल्याच लोकांनी तो खोदला, असं तांडा सांगतो. बाहेरचा कुठलाही नाला त्याला येऊन मिळत नाही, त्यामुळे आतले मासे पिढ्यान्‌पिढ्या आतच. त्यांत बोटाएवढा एक चंदेरी मासा आहे. शेपटीजवळ काळा ठिपका असतो म्हणून तांड्यावर त्याला टिकली म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत या तलावातल्या टिकल्यांची एक बरणी होती आणि तिच्यात मला एक गंमत दिसली होती. काही टिकल्या सडपातळ होत्या आणि त्यांचं तोंड जरा वर वळलेलं होतं. काही जाडजूड, तोंड खाली. मासा एक, तलाव एक, मग तोंडं दोन कशी? ही एकच जात आहे, की एकाच्या दोन होऊ लागल्या आहेत? एवढंच मला शोधायचं होतं. एवढ्याशा प्रश्नाला माझी तीन वर्षं गेली.

काचेच्या टाक्या ठेवायला तलावाजवळ सावलीची जागा हवी होती. शाळेनं काचेचं नाव काढताच नकार दिला. मग कोणीतरी म्हणालं, धनसिंगकाकांची ओसरी मोठी आहे. काका अंगणात खाटेवर पांढरी पागडी बांधून बसले होते. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "ठेवा. कटला, रोहू दोन्ही आणा. पण बीज चांगलं पाह्यजे, मांगच्या वर्षी सारं मेलतं."

मला मत्स्यबीज देणारी सरकारी बाई समजून त्यांनी ओसरी दिली, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तोवर टाक्या लागल्या होत्या.

पहिल्या आठवड्यात मी पन्नास टिकल्या पकडून आणल्या आणि व्हर्नियरनं एकेकीची लांबी, जाडी, जबड्याचा कोन मोजत बसले. मोजलेल्या मासोळ्या एका परातीत ठेवत होते. काम संपायला दुपार झाली. तोंड धुऊन परत आले तर भुरीकाकू परातीपाशी उकिडव्या बसलेल्या. अंगावरच्या फेटिया-कांचळीच्या, म्हणजे बंजारा घागरा-चोळीच्या, आरशांतून उन्हाचे कवडसे भिंतीवर नाचत होते आणि काकू एक मासोळी डाव्या टोपलीत, एक उजव्या टोपलीत अशा भराभर टाकत होत्या.

"काकू, अहो, हे खायचे नाहीत!"

"मले का मालूम? म्या आपल्या येगयेगळ्या केल्या."

"वेगवेगळ्या म्हणजे?"

"हे गोड, अन् हे चिखली." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चिखलीले चिंच जास्त लागते, छोरी. दोन्ही एका भगोण्यात टाकल्या तं कालवण बिघडते. माही सासू बी येगळ्याच करत होती."

माझ्या मापांप्रमाणे वाटणी आणि काकूंच्या टोपल्या ताडून पाहिल्या. सेहेचाळीस माशांवर आमचं एकमत होतं. चारांवर नव्हतं. त्या चारांची पोटं फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, काय खाल्लंय ते बघायला. चारही वेळा काकू बरोबर होत्या. त्या सूक्ष्मदर्शक वापरत नाहीत. अंगठ्यानं पोट दाबतात, काळं निघालं की चिखली.

तर असं होतं. सडपातळ टिकल्या वरच्या मोकळ्या पाण्यात राहत आणि तिथं तरंगणारे सुईच्या टोकाएवढे जीव टिपून खात. जाड्या टिकल्या तळाशी राहून दगड खरवडत, गाळातल्या अळ्या खात. संध्याकाळी मी हे काकांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी एकच खाणं खाल्लं तर कोणाचंच पोट भरत नाही, म्हणून हळूहळू खाण्यापिण्याच्या जागा वेगळ्या होतात, आणि जागेप्रमाणे अंग.

काकांना हे पटायला वेळ लागला नाही. त्यांना लखन आणि ओम असे दोन मुलगे. दोघांनीही एकाच वर्षी, तांड्यावर समोरासमोर मोबाईल रिचार्जची दुकानं टाकली होती.

"सहा महिने एकमेकाचं तोंड नाही पाह्यलं त्याईनं," काका म्हणाले. "तांड्यात मोबाईल किती? चाळीस. मंग लखननं फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं, ओमनं पीठगिरणी. आता दिवाळीले एकमेकाकडं फराळाले जातात."

"बरोबर. फक्त मासे असं ठरवून करत नाहीत, काका. ज्याचं तोंड जन्मतःच जरासं वर असतं त्याला वरचं खाणं जास्त मिळतं, तो जास्त जगतो, त्याची पिल्लंही तशीच होतात. अशा शेकडो पिढ्या."

"म्हंजे ठरवलं कोणीच नाही, पण झालं."

"हो."

"लगन बी असंच होते, बाई. नाव माहं होते फक्त."

मग मी ते वाक्य बोलले, जे पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ ठरलं. मी म्हणाले, "पण दोन्ही प्रकार जर दर पावसाळ्यात एकमेकांत मिसळून अंडी घालत असतील, तर सगळं पुन्हा सारखं होईल. म्हणून आता बघायचं आहे की कोण कोणाला पसंत करतं."

काका खाटेवरून उठून उभेच राहिले. "म्हंजे तुमी सोयरीक पाह्यले आल्या! मंग पह्यलेच काहून नाही सांगितलं?"

त्यांनी लगेच चौकशी सुरू केली. त्यांच्यात राठोडाची मुलगी राठोडाला देत नाहीत, चव्हाण, पवार, जाधव अशा दुसऱ्या कुळात देतात. या माशांचं कसं? मी म्हणाले, माझा अंदाज आहे की हे आपल्या आपल्यातच करत असावेत.

"अरे अरे," काका हळहळले. "शिकोलंच नाही कोणी याईले."

प्रयोग साधा होता. लांब टाकी, तिचे काचेनं केलेले तीन कप्पे. मधल्या कप्प्यात मादी. डावीकडे तिच्यासारखा नर, उजवीकडे दुसऱ्या प्रकारचा. वीस मिनिटांत मादी कोणत्या काचेपाशी किती वेळ घालवते, ते स्टॉपवॉच लावून लिहायचं.

काकांनी पहिल्याच दिवशी ओसरीचा ताबा घेतला. तांड्यावरची माणसं बघायला आली तर त्यांना चपला काढून, लांब बसवलं. "पोरगी लाजते," असं सांगून बोलायची बंदी केली. टाकीवर भुरीकाकूंची लाल ओढणी टाकायचा त्यांचा विचार होता, तो मी मोठ्या मुश्किलीनं हाणून पाडला. चाचणी सुरू झाली की ते माझ्या मागं श्वास रोखून उभे राहत, आणि मादी उजवीकडच्या परक्या नराकडे दोन बोटं जरी सरकली तरी "हाँऽऽ" असा आवाज काढत.

पहिल्या सहा माद्यांपैकी सहाही आपल्याच प्रकारच्या नरापाशी घुटमळल्या. मी खूश. माझा अंदाज बरोबर निघत होता. काका मात्र जेवले नाहीत.

"काय झालं काका?"

"माह्या ओसरीवरून सहा स्थळं वापस गेली," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत असं झालं नाही."

"अहो, ते आपल्यातल्याला पसंत करताहेत. जमतंय की."

"ते तं पह्यलेच जमलेलं हाये! त्यात मी काय केलं?"

मला हसू आलं. हसायला नको होतं. दुसऱ्या आठवड्यापासून निकाल बदलले. माद्या उजवीकडे जाऊ लागल्या. एक, दोन, मग जवळजवळ सगळ्याच. तळाच्या माद्यांना वरचे नर आवडत होते, वरच्या माद्यांना तळाचे. त्या सहांनंतर बावीस चाचण्या झाल्या आणि त्यातल्या एकोणीस परक्या नराच्या बाजूनं. एवढ्या थोड्या दिवसांत सगळ्या माद्यांची पसंती एकदम कशी उलटेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाला चमत्कार फार लवकर खरे वाटतात. मी अमरावतीला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. सर म्हणाले, मी येतो, हात लावू नकोस कशाला.

सर शुक्रवारी आले. ओसरीवर खुर्ची टाकून, चष्मा पुसून टाकीसमोर बसले. मधल्या कप्प्यात मादी शांत फिरत होती. दोन्ही बाजूचे नर शांत. तेवढ्यात काका पागडी बांधून, चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारातून बाहेर आले.

मादी सटकन उजव्या काचेला जाऊन चिकटली. इथवर ठीक होतं. पण उजव्या कप्प्यातला नरही त्याच्या कप्प्याच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि तोंड वर करून आऽ करत राहिला. डाव्या कप्प्यातला नरही उजवीकडे. शेजारच्या टाकीतले, ज्यांची चाचणी नव्हतीच असे तीस मासे, तेही सगळे उजव्या कोपऱ्यात गर्दी करून, तोंडं वर.

सरांनी चहा घेतला नाही. "काका, जरा आत जा," ते म्हणाले.

काका आत गेले. मासे पांगले.

"आता या."

काका आले. मासे उजवीकडे.

सरांनी हे तीन वेळा करवून घेतलं. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "प्रेरणा, या माशांनी पसंत केलेला नवरा पागडी बांधतो."

काका रोज दुपारी, मी जेवायला बसले की, प्रत्येक टाकीच्या, प्रत्येक कप्प्याच्या उजव्या कोपऱ्यात ज्वारीचं पीठ टाकत होते. चिमूट चिमूट. परक्या नराच्या बाजूला मुद्दाम जरा जास्त.

"म्या काही खोटं नाही केलं," ते म्हणाले. "मुलाकडच्याईले आपण सांगतोच ना, पाहुणे येतील तं चांगला सदरा घाल म्हणून? तसं म्या त्याच्या बाजूनं जरासं…"

"काका, हे लग्न नाही! हे मोजमाप आहे!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की बाहेर बांधलेल्या बैलानं मान वर केली. "बावीस चाचण्या गेल्या! हे सगळे मासे आता वाया!"

काका खाली बसले. पागडी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. मी तलावावर जाऊन बसले आणि रडले. सर मागून आले, थोडा वेळ पाण्यात खडे टाकत उभे राहिले आणि म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.त एका मांजरानं पाचवा अध्याय खाल्ला होता. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून हे सांगितलं की खरंच असं झालं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दोन दिवस मी काकांशी बोलले नाही. भुरीकाकूंनी मात्र निकाल तिथल्या तिथं दिला. काकांना आठ दिवस नुसतं वरण, आणि ओसरीवर पाय ठेवायची बंदी. काकू स्वतः हातात वाळली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची काडी, घेऊन टाक्यांपाशी बसू लागल्या. काकांना शेतावर जायचं असलं तरी गोठ्यामागून वळसा घालून जावं लागे. ते गेले की काकू मला म्हणायच्या, "गेला. कर सुरू."

नवे मासे पकडले, सगळं पहिल्यापासून केलं. ऑगस्ट संपेपर्यंत चाळीस माद्यांच्या चाचण्या झाल्या. तेहतीस माद्या आपल्यासारख्याच नराकडे गेल्या, सात दुसऱ्याकडे. म्हणजे मिसळणं अगदी बंद नव्हतं, पण बरंच कमी झालं होतं. दोन जाती झाल्या नव्हत्या, होण्याच्या वाटेवर होत्या. मी समाधानानं वही मिटली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काका अंगणाच्या कडेला, बंदीच्या हद्दीबाहेर उभे राहून मला खुणा करू लागले. चेहरा असा की कोणाच्या घरून मुलगी पळून गेल्याचं सांगायला आले आहेत.

"बाई, एक घोटाळा अजून हाये. रागवाचं नाही."

गोठ्यामागं त्यांनी अर्धा कापलेला निळा ड्रम ठेवला होता. वर पालापाचोळा, जुनं पोतं. पोतं उचललं तर आत शेवाळलेलं पाणी आणि त्यात नखाएवढी शेदीडशे पिल्लं.

"हे काय आहे?"

"पिठाच्या टायमाले… म्हटलं ओसरीवर सारे पाह्यतात म्हणून ती लाजत असन. मंग खालची पोरगी अन् वरचा पोरगा, दोघाईले इथं एकांत दिला."

"किती जोड्या?"

"एकच. लगन साधंच केलं. हळद लावणार होतो, पण पाणी खराब होते म्हणून नाही लावली."

मी ड्रमच्या कडेला गुडघे टेकून बसले. मला रागवायचं होतं, खरंच. पण निवड करायला दुसरा नरच नसेल तर दोन्ही प्रकारांची मिळून पिल्लं होतात का, झाली तर कशी होतात, हा माझ्या प्रबंधाचा शेवटचा अध्याय होता आणि तो कसा करावा हे मला सहा महिने सुचत नव्हतं. तो इथं पोत्याखाली पोहत होता.

"काका," मी म्हणाले, "तुमची बंदी उठली."

"खरंच?"

"माझ्याकडून. काकूंना तुम्ही विचारा."

काकूंनी दिवाळीपर्यंत उठवली नाही.

पिल्लं हिवाळ्यात अर्ध्या बोटाएवढी झाली. त्यांचं तोंड ना वर होतं ना खाली. अगदी समोर. काकांना त्यांचं फार कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "आईचं अंग, बापाचे डोळे." मी त्यांची परीक्षा घेतली. शेवाळलेला दगड टाकला तर तळाच्या टिकल्या दहा मिनिटांत साफ करायच्या, यांचं तोंड दगडाला नीट टेकायचंच नाही. तरंगणारे जीव सोडले तर वरच्या टिकल्या टपाटप टिपायच्या, हे चार झडपा मारायचे तेव्हा एक सापडायचा. मग तलावात जाळीचे पिंजरे लावले, काही वर, काही तळाशी, आणि तिन्ही प्रकारचे मासे त्यांत सोडले. सहा आठवड्यांनी वजनं केली. वरचे वर वाढले होते, खालचे खाली. मधले दोन्हीकडे वाळले होते.

प्रबंधाच्या दृष्टीनं हे उत्तम होतं. मधल्यांना तलावात जागा नाही, म्हणून ते टिकत नाहीत, म्हणून दोन प्रकार वेगळे राहतात. मी हे काकांना जरा उत्साहानंच सांगितलं. ते पिंजऱ्यातून काढलेल्या एका हडकुळ्या माशाकडे बघत होते.

"मी पाचवीत पुसदच्या शाळेत गेलतो," ते एकदम म्हणाले. "मराठी येत नव्हती. पोट्टे हसत. गुरुजीबी हसत. शिकलो. सुट्टीत तांड्यावर आलो तं इथचे म्हणे, हा आपली गोरबोली इसरला. दोन वर्षं कोणाशी बोलाव तेच समजे नाही."

"मग?"

"मंग काय. दोन्हीकडचं बोलता येणारा दुसरा कोणी नव्हता तं लोकं सोयरिकीले बोलवाले लागले." त्यांनी तो मासा हातातल्या तांब्यात सोडला. "हे माह्या घरचे हायेत. याईले तलावात नका टाकू आता. तुमचं लिहून झालं ना?"

झालं होतं. उरलेले साठ-सत्तर मासे काकांनी गोठ्यासमोरच्या सिमेंटच्या हौदात सोडले, जिथं बैल पाणी पितात. मी त्यांना सांगितलं की तिथं खायला काही नाही, मरतील. काका म्हणाले, पाहू.

फेब्रुवारीत गेले तर मासे गुबगुबीत. हौदात खायला होतं, फक्त मी कधी त्यात वाकून पाहिलं नव्हतं. डासांच्या अळ्या. त्या पाण्याच्या वरच्या थरात लटकलेल्या असतात, हलवलं की खाली जातात. त्यांना ना खरवडायचं असतं ना झडप घालायची. समोर तोंड असलं, शांतपणे पोहत गेलं, की झालं. वरच्या आणि खालच्या टिकल्याही मी तिथं सोडून पाहिल्या. त्याही जगल्या, पण मधल्यांइतकं कोणी खाल्लं नाही. प्रबंधात मी फार जपून लिहिलं की एका हौदावरून काही सिद्ध होत नाही. काकांनी ते वाक्य वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "काहून इतकं भेता तुमी?"

खरी धांदल पुढं उडाली. तांड्यावर आरोग्याचं काम बघणारी ममता दर आठवड्याला येऊन घरोघरची पाण्याची भांडी तपासायची, अळ्या दिसल्या की भांडं उलटं करायची. काकांचा हौद उलटा करता येत नव्हता म्हणून दरवेळी भांडण. त्या दिवशी तिनं टॉर्च मारून पाच मिनिटं पाहिलं. एक अळी नाही.

"औषध टाकलं का काका?"

"जावई ठेवले," काका म्हणाले.

आठवड्याभरात अख्ख्या तांड्याला ते मासे हवे होते. पण काकांकडून मासा नेणं सोपं नव्हतं. त्यांनी प्रत्येकाची चौकशी केली. हौद किती मोठा? सावली आहे का? साबणाचं पाणी टाकता का? मोतीबाईंना त्यांनी साफ नकार दिला, कारण त्यांची म्हैस हौदात तोंड घालून फुर्रर्र करते. मोतीबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी म्हशीला वेगळं घमेलं दिलं, तेव्हा पाच मासे मिळाले. मासे तांब्यात घालून, वर फडकं बांधून, काका स्वतः पोचवायला जायचे आणि तिथं चहा घेऊनच परत यायचे.

माझी तोंडी परीक्षा गेल्या वर्षी अमरावतीला झाली. काका आणि काकू पहाटेची एसटी पकडून आले. काका पहिल्या रांगेत. माझं बोलणं झाल्यावर बाहेरच्या परीक्षकांनी सभागृहाकडे बघून रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाला काही प्रश्न?"

काका उठले.

"सर, बाईनं लिहिलं की मधल्याईले तलावात जागा नाही. पण तलाव उन्हाळ्यात आटते, तवा सारे एका डबक्यात येतात. तवा कोण कोणाले पसंत करते, ते कोणी पाह्यलं का?"

परीक्षकांनी चष्मा काढला. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. नाही पाहिलं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग पाहा. आणि पदवी दिली.

बाहेर चहाच्या वेळी काका त्याच परीक्षकांना कोपऱ्यात घेऊन उभे होते. त्यांचा मुलगा नागपूरला इंजिनियर आहे, एकतीसचा, अजून जमत नाही, हे काकांनी पाच मिनिटांत काढून घेतलं होतं.

आता मी वणीला कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात मोहाळीला गेले होते. काकांचा गुडघा दुखतो, तलावापर्यंत चालणं होत नाही, म्हणून त्यांनी खाटच तलावाच्या पाळीवर नेऊन टाकली आहे. काकू तिथंच भाकरी घेऊन येतात आणि एवढ्या लांब यावं लागतं म्हणून बोल लावतात. मी जवळ जाऊन नमस्कार केला, तर काकांनी कशा आहात असंही विचारलं नाही.

"बाई, बरं झालं आल्या. गोगलगायी पाह्यल्या का तुमी इथच्या?"

"नाही. का?"

त्यांनी उशाखालून एक रुमाल काढला आणि गाठ सोडून खाटेवर पसरला. एका बाजूला टोकदार शंख, एका बाजूला बसके. दगडावर सापडणारे वेगळे, पाणगवतावर सापडणारे वेगळे, असं ते सांगत होते. काकू पलीकडून म्हणाल्या की ह्या काही खाता येत नाहीत, तेव्हा मला विचारू नका.

मी दोन शंख उचलून उजेडाकडे धरले.